पाव स्कूपचा फरक

स्वयंपाकघरातल्या फळीवर गेली दोन वर्षे प्रथिनांच्या पावडरीचे दोन डबे शेजारी शेजारी उभे आहेत. एक माझा, व्हेचा, म्हणजे चीज बनवताना निथळणाऱ्या दुधाच्या पाण्यातून काढलेल्या प्रथिनाचा. दुसरा माझ्या मुलीचा, वाटाण्याच्या आणि तांदळाच्या प्रथिनांच्या मिश्रणाचा. माझ्या डब्यातली पावडर फिकट पिवळसर, हलकी आणि झाकण उघडताच नाकाशी भुरभुरणारी. तिच्या डब्यातली मातकट, जड आणि चिमटीत धरली तर बारीक वाळूसारखी खरखरणारी. पाणी घालून शेकर हलवला की माझ्या पेल्यावर फेस चढतो आणि तिच्या पेल्याच्या तळाशी गाळ बसतो. दोन्ही डब्यांतला स्कूप मात्र एकाच मापाचा आहे, आणि आमचा वाद पुढे त्या मापावरच येऊन थांबला.

मी वजने उचलू लागले ती वयाच्या ५१व्या वर्षी. शरीरसौष्ठवाची हौस वगैरे त्यामागे काही नव्हती. एके दिवशी कपाटाच्या खालच्या कप्प्यातले कागद शोधायला जमिनीवर मांडी घालून बसले, आणि उठायची वेळ आली तेव्हा एक हात जमिनीवर आणि दुसरा कपाटाच्या कडीवर टेकवल्याशिवाय मला उठताच येईना. दुखत काहीच नव्हते. मांड्यांत जोरच उरला नव्हता. दुसऱ्या महिन्यात मी जिममध्ये नाव घातले. तिथला ट्रेनर माझ्या मुलीहूनही लहान असावा. तिसऱ्याच दिवशी त्याने विचारले, "काकू, दिवसाला प्रोटीन किती जातं तुमचं?" मला उत्तर देता आले नाही, आणि त्याने सांगितलेला व्हेचा डबा मी त्याच आठवड्यात घरी आणला.

मुलीने त्याआधी वर्षभर दूध आणि दुधाचे सगळे पदार्थ सोडले होते. डबा पाहून ती म्हणाली, "आई, वासराच्या वाट्याचं आहे गं ते." या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही, ज्या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकत नाही त्यावर वाद घालायचा नाही, एवढे वय मला शिकवून गेले आहे. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. "आणि स्नायूंना काय कळतंय ते गाईचं आहे की वाटाण्याचं?" असे ती पुढे म्हणाली, तेव्हा मात्र मी हटून बसले, कारण ट्रेनरने मला नेमके उलटे सांगितले होते: वनस्पतींचे प्रथिन अपूर्ण असते, ते अंगी लागत नाही. या दोन तरुण माणसांपैकी कोणाचे खरे, हे शोधण्यात माझ्या बऱ्याच रात्री गेल्या.

शोधताना लक्षात आले की या विषयातला आत्मविश्वास फार जुना आहे, आणि त्याचे हसे होण्याची परंपराही तितकीच जुनी. 'प्रोटीन' हा शब्दच १८३८ साली स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याने मुल्डर या डच शास्त्रज्ञाला पत्रातून सुचवला, तो 'अग्रस्थानी असलेले' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. पुढे जर्मनीतल्या लीबिगने असा सिद्धान्त मांडला की स्नायू काम करतात तेव्हा ते स्वतःतले प्रथिनच जाळतात, म्हणून कष्ट करणाऱ्याने प्रथिन भरपूर खावे. त्याचा दरारा एवढा होता की हे कोणी फारसे तपासून पाहिले नाही. १८६५ साली फिक आणि विस्लिसेनस हे दोन प्राध्यापक स्वित्झर्लंडमधल्या फाउलहॉर्न नावाच्या डोंगरावर चढले. आदल्या दिवसापासून त्यांनी प्रथिन असलेले काहीही तोंडात घातले नव्हते, आणि वाटेत व वर पोहोचल्यावर स्वतःची लघवी जमवून तिच्यातला नायट्रोजन मोजला होता, कारण जळलेल्या प्रथिनाचा नायट्रोजन लघवीवाटे बाहेर पडतो. शरीरात जळलेल्या प्रथिनातून जेवढी शक्ती निघू शकली असती, तेवढ्यात चढाईच्या श्रमांचा हिशेब बसेना. स्नायूंचे इंधन वेगळे आणि स्नायूंची वीट वेगळी, हे कळायला दोन प्रतिष्ठित गृहस्थांना बाटल्या सांभाळत दोन हजार मीटरच्या आसपास चढावे लागले. मला हा प्रयोग अतिशय आवडतो, कारण त्यात स्वतःचेच शरीर पणाला लावलेले आहे.

'अपूर्ण' या शब्दाचा उगम मात्र उंदरांच्या पिंजऱ्यात आहे. अमेरिकेत ऑस्बर्न आणि मेंडेल यांनी १९१०च्या दशकात उंदरांना एकेका शुद्ध प्रथिनावर ठेवून पाहिले. मक्यातल्या झीन या प्रथिनावर ठेवलेले उंदीर झुरत गेले. प्रथिने ज्या घटकांची बनतात त्यांना अमिनो आम्ले म्हणतात; त्यांतले ट्रिप्टोफॅन आहारात मिसळले तेव्हा ते जगले पण वाढले नाहीत. लायसीन हे दुसरे अमिनो आम्लही मिसळले तेव्हा कुठे वाढू लागले. पुढे इलिनॉय विद्यापीठात विल्यम रोझ याने हेच काम माणसांवर केले. त्याच्या प्रयोगातली माणसे म्हणजे विद्यापीठातले तरुण विद्यार्थी, सगळे पुरुष. शरीराला स्वतः बनवता येत नाहीत अशी आठ अमिनो आम्ले त्याने निश्चित केली. हिस्टिडीन धरून आज आपण ती नऊ मानतो.

आता ट्रेनरच्या वाक्याकडे पाहू. वाटाण्यात, सोयाबीनमध्ये आणि तांदळात ही नऊही अमिनो आम्ले असतात. त्यांतले एकही गायब नसते. एखादे गरजेच्या मानाने कमी पडते, आणि जे कमी पडते तेच बाकीच्यांना अडवून धरते. वाटाण्यात मेथिओनीन कमी आणि लायसीन भरपूर; तांदळात लायसीन कमी आणि मेथिओनीन बऱ्यापैकी. म्हणूनच मुलीच्या डब्यात ही दोन्ही एकत्र आहेत, एकाने दुसऱ्याची उणीव भरून काढावी म्हणून. खऱ्या अर्थाने अपूर्ण असे एक प्रसिद्ध प्रथिन आहे, आणि ते प्राण्यांचे आहे: कातडी आणि हाडांतले कोलॅजेन. त्यात ट्रिप्टोफॅन मुळीच नसते. हे मी ट्रेनरला सांगितले, तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "काकू, शेवटचा सेट राहिलाय."

पण त्याचेही पूर्ण चुकलेले नव्हते, आणि ते कबूल करायला मला ल्युसीन या अमिनो आम्लापर्यंत जावे लागले. वजन उचलल्यावर आणि जेवल्यावर स्नायूंत नवे प्रथिन बांधण्याचे काम वेग घेते. त्या कामाला प्रारंभाची आज्ञा देण्यात ल्युसीनचा वाटा सर्वांत मोठा असतो. बाकीची अमिनो आम्ले विटा असतील, तर ल्युसीन वीटही आहे आणि मुकादमही. या रेणूच्या शोधाची हकिगत आमच्या घरातल्या वादासाठीच बेतल्यासारखी आहे. प्रूस्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला तो १८१९च्या सुमारास चीजमध्ये सापडला, आणि १८२० साली ब्राकोनो या दुसऱ्या फ्रेंच माणसाने स्नायू आणि लोकर आम्लात उकळून तो पुन्हा काढला व त्याच्या पांढऱ्या स्फटिकांवरून त्याला नाव दिले. आधी दुधाच्या पदार्थात, मग स्नायूत. मुलीला ही गोष्ट सांगितली, तेव्हा ती म्हणाली की प्रूस्तच्या टेबलावर वाटाणे असते तर त्यातही सापडला असता. तिचे खरे आहे. पण किती सापडला असता, हा प्रश्न उरतो.

व्हेच्या प्रथिनात ल्युसीन सुमारे दहा-अकरा टक्के असते. वाटाणा, सोया आणि तांदूळ यांच्या प्रथिनांत आठ टक्क्यांच्या आसपास. शिवाय व्हे पोटातून वेगाने पुढे सरकते. दुधातल्या प्रथिनाचा साधारण ८० टक्के भाग केसीन आणि २० टक्के व्हे असतो, आणि या दोन भावंडांचे स्वभाव अगदी विरुद्ध आहेत. केसीन जठरातल्या आम्लात साकळते आणि तासन्‌तास हळूहळू पाझरत राहते. व्हे पातळच राहते आणि तासा-दीड तासात रक्तातल्या अमिनो आम्लांची पातळी उंच चढवून ओसरते. १९९७ साली फ्रेंच संशोधकांनी हा फरक प्रथम स्पष्ट मोजून दाखवला आणि तेव्हापासून 'जलद' आणि 'मंद' प्रथिन ही भाषा रूढ झाली.

कॅनडातल्या संशोधकांनी २००९ साली तरुण पुरुषांना व्यायामानंतर व्हे, सोया आणि केसीन असे तीन पर्याय देऊन मांडीच्या स्नायूचे सुईने काढलेले नमुने तपासले. पुढच्या तीन तासांत नवे प्रथिन बांधण्यात व्हे सर्वांत पुढे, सोया मधोमध आणि केसीन मागे. हा निकाल व्हेच्या जाहिरातीत नेहमी येतो, पण त्यातली एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते: शेवटचा क्रमांक ज्याचा आला, तेही दुधाचेच होते. मग 'दुधाचे विरुद्ध वनस्पतीचे' अशी रेघ ओढण्यात अर्थ काय राहिला? रेघ ओढायचीच, तर ती पचनाचा वेग आणि ल्युसीनचे प्रमाण यांवरून ओढायला हवी, आणि तशी ती ओढली की दुधातले बहुतेक प्रथिन पलीकडच्या बाजूला जाते. आणखी असे की केसीन मागे पडले ते तीन तासांच्या शर्यतीत. त्याचा स्वभावच लांब पल्ल्याचा. तीन तासांत त्याचा निकाल लावणे मला न्यायाचे वाटत नाही.

तासांचे प्रयोग आणि आठवड्यांचे प्रयोग यांतला हा भेद कळला, तेव्हा माझ्या डोक्यातला गुंता बराच सुटला. तासांच्या प्रयोगांत व्हे पुष्कळदा जिंकते. आठवड्यांच्या प्रयोगांत, म्हणजे प्रत्यक्ष दंड किंवा मांड्या मोजल्या जातात तिथे, फरक बहुधा सापडतच नाही. २०१३ साली २४ तरुणांना आठ आठवडे व्यायामानंतर ४८ ग्रॅम तांदळाचे किंवा तेवढेच व्हेचे प्रथिन दिले. दोन्ही गट सारखेच वाढले. २०१५ साली फ्रान्समध्ये १८ ते ३५ वयाच्या १६१ पुरुषांवर बारा आठवडे प्रयोग झाला. दिवसातून दोनदा २५ ग्रॅम वाटाण्याचे प्रथिन, तेवढेच व्हेचे, किंवा प्रथिन नसलेले पेय. दंडाच्या स्नायूची जाडी वाढण्यात वाटाणा आणि व्हे यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. मुलीने हा अभ्यास मला मोठ्या विजयाने वाचून दाखवला. त्याला अर्थसाह्य वाटाण्याचे प्रथिन बनवणाऱ्या कंपनीचे होते, हे मी तिला दाखवले. त्यावर व्हेच्या किती अभ्यासांमागे दुग्धव्यवसायाचा पैसा आहे ते मोज, असे तिने मला सांगितले, आणि मोजायला बसल्यावर मी तो मुद्दा मुकाट्याने सोडून दिला.

मला सर्वांत पटलेला अभ्यास ब्राझीलमधला, २०२१ सालचा. १९ शुद्ध शाकाहारी तरुण, ज्यांच्या आहारात दूधही नव्हते, आणि १९ मिश्राहारी तरुण. दोन्ही गटांचे रोजचे एकूण प्रथिन शरीराच्या दर किलोमागे १.६ ग्रॅम होईल असे जमवून दिले. कमी पडेल ते एका गटाला सोयाच्या आणि दुसऱ्याला व्हेच्या पावडरीतून. बारा आठवडे पायांचा व्यायाम झाल्यावर स्नायूंची वाढ आणि ताकद दोन्ही गटांत सारखीच भरली. इथे प्रश्नच नीट विचारलेला आहे: एकूण प्रथिन पुरेसे असेल, तर ते कुठून आले याने काय बिघडते?

१.६ हा आकडा येतो तो २०१८ सालच्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणातून. ४९ अभ्यास आणि १,८६३ माणसे तपासून संशोधकांनी दाखवले की व्यायामाबरोबर जादा प्रथिन घेतल्याने चरबीविरहित वजनात सरासरी ०.३ किलोची भर पडते, आणि रोजचे प्रथिन दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे नेले की सरासरीत आणखी लाभ दिसत नाही. शून्य पूर्णांक तीन किलो. फळीवरचे ते दोन भलेमोठे डबे, त्यांवरची फुगलेल्या दंडांची चित्रे, आणि हातात येते ते एवढेसे. बाकीचे सगळे वजन उचलण्याने होते. हा आकडा वाचल्यावर मी डबा फळीच्या मागच्या बाजूला सरकवला होता. आठवड्याने पुन्हा पुढे आणला, त्याचे कारण माझा स्वतःचा हिशेब.

तो हिशेब मी आधीच करायला हवा होता. एक आठवडाभर मी जे खाल्ले ते काट्यावर मोजले आणि वहीत लिहिले. दिवसाला सरासरी ४९ ग्रॅम प्रथिन भरले. माझे वजन ५८ किलो. साध्या जगण्यासाठी सांगितले जाणारे दर किलोमागे ०.८ ग्रॅम हे प्रमाण धरले तर ४६ ग्रॅम पुरतात, म्हणजे त्या मापाने मी ठीकच होते. पण १.६ने गुणले तर ९३ होतात. तूट ४४ ग्रॅमची. आणि आम्ही दोघी कशावर भांडत होतो? २५ ग्रॅम व्हेच्या प्रथिनात ल्युसीन साधारण २.६ ग्रॅम, २५ ग्रॅम वाटाण्या-तांदळाच्या प्रथिनात साधारण २ ग्रॅम. फरक ०.६ ग्रॅमचा. तो भरून काढायला मुलीने स्कूपमध्ये आणखी सात-आठ ग्रॅम प्रथिन घ्यावे, म्हणजे पाव स्कूपाहून थोडे अधिक. वहीच्या एका पानावर ४४ आणि दुसऱ्या पानावर ०.६ हे दोन आकडे मी लिहून ठेवले होते, आणि मधल्या सहा महिन्यांत माझी सगळी बुद्धी ज्या पानावर खर्च झाली, ते दुसरे पान होते.

इथे माझ्या वयाचा मुद्दा येतो, आणि तिथे मी मुलीसारखी निर्धास्त राहू शकत नाही. वर सांगितलेले बहुतेक प्रयोग तरुण पुरुषांवरचे आहेत. रोझचे विद्यार्थी, तांदळाचे २४ जण, वाटाण्याचे १६१, ब्राझीलचे ३८. यांत ५० ओलांडलेली एकही बाई नाही. वाढत्या वयात स्नायू अन्नाच्या आज्ञेला पूर्वीसारखे दाद देत नाहीत. तेवढ्याच परिणामासाठी एका वेळी जास्त प्रथिन आणि जास्त ल्युसीन लागते. २०१२ साली वृद्ध पुरुषांवर झालेल्या एका प्रयोगात सोयाचे ४० ग्रॅम देऊनही व्हेएवढा प्रतिसाद मिळाला नाही. तोही तासांचाच प्रयोग आणि तेही पुरुषच, पण माझ्या बाबतीत तो दुर्लक्षून चालणार नाही असे मला वाटले. तरुण स्त्रियांवर २०२० साली बटाट्याच्या प्रथिनाचा प्रयोग झाला आणि ते चांगले काम करते असे दिसले. हे वाचून मला आनंद झाला, पण मुलीच्या वतीने. माझ्या वयाच्या बायकांनी आपापल्या वहीत आकडे लिहीत राहावे, एवढेच तूर्त हातात आहे.

आकड्यांच्या पलीकडे पोट नावाची एक गोष्ट आहे, आणि तिने माझा निर्णय संशोधनाच्या आधीच केला असता. पहिला डबा व्हे कॉन्सन्ट्रेटचा होता. पहिल्याच आठवड्यात पोट नगाऱ्यासारखे फुगू लागले. सकाळी व्यायाम करून पेला रिकामा केला की दुपारपर्यंत कोणाच्या जवळ बसायची सोय नव्हती. ट्रेनर म्हणाला, सवय होईल. झाली नाही. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांत दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारे विकर लहानपणानंतर कमी होत जाते, आणि कॉन्सन्ट्रेटमध्ये ८० टक्क्यांपर्यंत प्रथिन असले तरी उरलेल्या भागात लॅक्टोज असतेच. आयसोलेटमध्ये प्रथिन ९० टक्के किंवा अधिक असते आणि लॅक्टोज नावापुरते. डबा बदलला आणि चार दिवसांत मी पुन्हा माणसांत आले. ज्यांना दुधाच्या प्रथिनाचीच ॲलर्जी असते, त्यांना मात्र आयसोलेटही चालत नाही. त्यांच्यासाठी हा वादच नाही. मुलीचे पोट तिच्या पावडरीने कधी बिघडले नाही. तिची तक्रार चवीची, आणि ती अगदी रास्त आहे. वाटाण्याला एक कच्चा, हिरवट, मातीचा वास असतो, आणि तो लपवायला उत्पादक इतके गोड घालतात की शेवटी मातीची मिठाई खाल्ल्यासारखे वाटते.

दोन्ही पावडरी बनतात कशा, हे पाहिल्यावर 'नैसर्गिक' या शब्दाबद्दलचा आमचा दोघींचाही अभिमान उतरला. एक किलो चीज बनवताना नऊ लिटरच्या आसपास पाणी निथळते. तीच निवळी, म्हणजे व्हे. एकेकाळी ती नद्यांत सोडून देत, आणि तिच्यातल्या सेंद्रिय द्रव्यामुळे पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरत. बारीक पडद्यांतून दाब देऊन प्रथिन गाळून घेण्याचे तंत्र १९७०च्या दशकात कारखान्यांत रुळले आणि टाकाऊ निवळीचे सोने झाले. वाटाण्याचे प्रथिन काढताना पीठ किंचित अल्कली केलेल्या पाण्यात कालवतात, स्टार्च आणि चोथा वेगळा करतात, मग आम्ल घालून प्रथिन खाली बसवतात आणि ते पुन्हा उदासीन करून फवाऱ्याने वाळवतात. या आम्ल-अल्कलीच्या खेळात मीठ तयार होते, म्हणून मुलीच्या डब्यावरचा सोडियमचा आकडा माझ्या डब्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. रक्तदाब असलेल्यांनी तो वाचावा. तसेच वनस्पती जमिनीतून शिसे आणि कॅडमियम शोषतात, आणि अशा पावडरींत ते सरासरीने अधिक आढळतात. चॉकलेटच्या स्वादात कोकोचे कॅडमियम आणखी मिळते. मी मुलीला स्वतंत्र प्रयोगशाळेकडून तपासलेला डबा घ्यायला लावला आणि चॉकलेट सोडायला लावले. दुसरे तिला जड गेले.

डब्यावरचा प्रथिनाचा आकडा तरी खरा असतो का? तो आकडा पुष्कळदा नायट्रोजन मोजून काढलेला असतो. डेन्मार्कमध्ये बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या केल्डाल याने १८८३ साली धान्यातला नायट्रोजन मोजायची पद्धत बसवली, त्याला ६.२५ने गुणले की प्रथिन. पद्धत उत्तम, पण ती नायट्रोजनचे कूळ विचारत नाही. ग्लायसिन किंवा टॉरीनसारखी नायट्रोजन असलेली स्वस्त द्रव्ये मिसळली तरी आकडा चढतो. याच पळवाटेतून २००८ साली चीनमध्ये बाळांच्या दुधात मेलामाइन हे नायट्रोजनने भरलेले औद्योगिक रसायन मिसळले गेले, जवळजवळ तीन लाख बाळे आजारी पडली आणि सहा दगावली. म्हणून डबा दुधाचा असो की वाटाण्याचा, मी आता पुढच्या बाजूचे चित्र पाहत नाही. मागच्या बाजूला अमिनो आम्लांचा तक्ता आहे का आणि घटकांच्या यादीत सुटे ग्लायसिन आहे का, ते पाहते. चष्मा लावूनही ती अक्षरे वाचवत नाहीत, हा अनुभव सार्वत्रिक असावा.

सोयाबद्दल मुलग्यांच्या जगात पसरलेली एक भीती मला ट्रेनरकडूनच कळली, ती अशी की सोयाने पुरुषी संप्रेरक घटते. पुरुषांवरच्या प्रयोगांची एकत्रित विश्लेषणे २०१० आणि २०२१ साली झाली आहेत, आणि दोन्हींत टेस्टोस्टेरॉनवर परिणाम आढळलेला नाही. एवढे सांगून मी तो विषय मिटवला. तो मिटला की नाही, मला माहीत नाही, कारण त्याने मान हलवली ती सेट मोजत.

गेल्या हिवाळ्यात माझा डबा संपला आणि नवा यायला तीन आठवडे लागले. "माझ्यातलं घे," मुलगी म्हणाली. पहिल्या सकाळी तिने स्वतःच स्कूप भरला, सुरीच्या पाठीने सपाट केला, शेकरमध्ये ओतला आणि मग पाव स्कूप आणखी घातला, माझ्याकडे न बघता. मी काही बोलले नाही. त्या तीन आठवड्यांची वही माझ्यापुढे आहे: स्क्वॉट ४० किलो, आठ, आठ, सात, पुढच्या आठवड्यात आठ, आठ, आठ, त्याच्या पुढे ४२.५ किलो, सात, सात, सहा. आधीच्या महिन्याच्या पानावरची चढणही अशीच आहे. पाने फाडून वेगळी केली, तर कोणते व्हेचे आणि कोणते वाटाण्याचे ते मला ओळखता येणार नाही.

नवा डबा आल्यावर मी व्हेकडे परतले, ते जिभेमुळे, आणि थोडे वयाच्या त्या प्रयोगामुळे. पण रात्रीच्या वेळी, ज्या दिवशी वहीतली बेरीज ९३ला पोहोचत नाही, त्या दिवशी मी तिच्या डब्यातून घेते. पहिल्यांदा घेतले तेव्हा वरचे पातळ पाणी पिऊन पेला मोरीत ठेवायला निघाले होते. तिने हातातून पेला काढून घेतला, त्यात चार बोटे पाणी घातले, गाळ पुन्हा हलवला आणि माझ्यापुढे धरला. "आई, तू मोजलेलं प्रोटीन सगळं तळाशीच बसलंय," ती म्हणाली.